बँकेत काम करणाऱ्या बायकोला पटेल असा सुपरहिरो सुचवा

सहा_सतराची_लोकल:
नमस्कार मंडळी. मी शाळेपासून कॉमिक्स वाचतोय. बायको एका सहकारी बँकेत रोखपाल आहे. परवा माळा आवरताना तिने माझा एक गठ्ठा काढला, दहा मिनिटं चाळला आणि म्हणाली, “यातल्या एकाला तरी वीस तारखेनंतरचा महिना कसा काढायचा ते माहीत आहे का? हे राहतात कुठे, भाडं कोण भरतं, आणि ते अंगाला चिकटलेले कपडे वाळत कुठे घालतात?” मी घाईघाईने बॅटमॅन पुढे केला. त्याच्या घरी बटलर निघाला. विषय संपला.

दिवाळीत तिला चार दिवस सुट्टी आहे. तेवढ्यात वाचून होतील अशी दोन-तीन पुस्तकं सुचवा. मागचा साठ वर्षांचा इतिहास माहीत असायची गरज नको आणि दर चार पानांनी शहर कोसळायला नको. इंग्रजी चालेल. हिरो उडाला तरी तिची हरकत नाही, पण उडून झाल्यावर घरी येऊन काय खातो ते कळलं पाहिजे.

जुनी_रद्दी:
रोखपाल म्हणालात आणि मला एकच पान आठवलं. ‘अमेझिंग स्पायडरमॅन’चा १९६३चा पहिला अंक. स्टॅन ली आणि स्टीव्ह डिटको. स्पायडरमॅन म्हणजे मुखवट्यामागचा पीटर पार्कर. काका गेलेत, घरात कमावतं कोणी नाही, मे काकूला भाड्याची चिंता. पीटर मुखवटा घालून रंगमंचावर खेळ करतो. आयोजक म्हणतो, कराच्या हिशेबाला नोंद लागते, रोख देणार नाही. चेक फाडतो, तोही ‘स्पायडरमॅन’च्या नावाने! पीटर त्याच वेषात बँकेत जातो. खिडकीवरचा माणूस ओळखपत्र मागतो. हा अंगावरचा पोशाख दाखवतो. तो म्हणतो, पोशाख काय, कोणीही घालेल.

भिंतीवर चढणारा मुलगा खिडकीवरून रिकाम्या हाताने परत येतो. पुढे काकू दागिने गहाण ठेवताना त्याला दिसते. त्याच अंकात तो पगाराच्या आशेने फँटॅस्टिक फोर या सुपरहिरोंच्या चौकडीकडे नोकरी मागायला जातो, तर ते सांगतात की आमच्याकडे पगार नसतो. पीटर पार्करवर विश्वास बसतो तो इथे. कोळी चावून शक्ती आली हे आपण सौजन्य म्हणून मान्य करतो.

शंकासुर:
पण जाळ्यासाठी इतका चिवट, चिकट धागा घरी बनवणारा पोरगा कंगाल कसा? डिंकाच्या कंपनीला विकायचा ना.

जुनी_रद्दी:
शंकासुरा, तेही करून झालंय. १९६४च्या एका अंकात तो खरंच कंपनीत जातो. त्यांना आधी आवडतं, पण हा डिंक तासाभरात विरघळतो म्हटल्यावर नकार देतात. त्याच वर्षी फ्लू अंगावर काढून तो डॉक्टर ऑक्टोपस या खलनायकाशी लढायला जातो आणि सगळ्यांसमोर मुखवटा उतरतो. पण इतका लेचापेचा पोरगा स्पायडरमॅन असेल यावर कोणी विश्वासच ठेवत नाही.

ओली_भेळ:
+१. माझं मत: ‘हॉकआय’, मॅट फ्रॅक्शन आणि डेव्हिड आहा, २०१२पासून. हा हिरो म्हणजे साधा तिरंदाज. सुरुवातीलाच गडी उंचावरून पडून इस्पितळात. ब्रुकलिनमध्ये साध्या इमारतीत राहतो, गच्चीवर शेजाऱ्यांबरोबर मांस भाजत बसतो. घरमालक भाडं एकदम तिप्पट करून सगळ्यांना हुसकावायला बघतो. ट्रॅकसूट घातलेले त्याचे गुंड बघून मला आमच्या चाळीचा पुनर्विकास आठवला. एक पूर्ण अंक त्याच्या कुत्र्याच्या नजरेतून आहे, म्हणजे जवळजवळ वासांतूनच. वहिनींना तोच आधी द्या.

हडसनपार:
मी जर्सी सिटीत राहते म्हणून पक्षपात गृहीत धरा. ‘मिस मार्व्हल’, २०१४, लेखिका जी. विलो विल्सन. कमला खान, सोळा वर्षांची, पाकिस्तानी घरातली, माझ्याच गावची. घरी पार्टीला जायची परवानगी नाही, म्हणून रात्री पळून जाते. अंगात शक्ती येते तेव्हा ती सोनेरी केसांची गोरी नायिका बनते, कारण तिच्या डोक्यात हिरोईनचं रूप तेच असतं. आणि लगेच कळतं की केस डोळ्यात जातात आणि पोशाख नको तिथे रुततो. पुढे ती बुर्किनीचाच, म्हणजे अंगभर झाकणाऱ्या पोहण्याच्या कपड्यांचाच, पोशाख करते.

आईची भाषा वेगळी, प्रार्थना वेगळी, पण ‘कुठे होतीस इतका वेळ’ हा प्रश्न आमच्या घरातलाच. माझ्या मुलीने वाचून माझ्याकडे जरा संशयाने पाहिलं. पहिला खंड एका बैठकीत होतो. विज्ञानकथांसाठीचा २०१५चा ह्यूगो पुरस्कार मिळालाय त्याला.

शंकासुर:
मला या सगळ्याचाच कंटाळा आहे. भाडं, फ्लू, कुत्रा हवा असेल तर माझ्याच घरी या की. सुपरहिरो आपल्यापेक्षा मोठा असावा म्हणून तर वाचायचा. वहिनींना १९३८-३९चा सुपरमॅन द्या. तेव्हा तो उडतही नव्हता, लांब उड्या मारायचा. सुरुवातीच्या एका गोष्टीत खाणमालक आणि त्याच्या पार्टीतले पाहुणे खाणीत उतरतात, वरून दरड कोसळते, आणि हा शक्ती न वापरता मालकालाच फावडं चालवू देतो. माझे आजोबा गिरणीत होते. त्यांना दाखवलं असतं तर म्हणाले असते, आम्हाला हाच पाहिजे होता. तो आपल्यासारखा नसेल, पण आपल्या बाजूचा आहे.

ओली_भेळ:
हे मात्र मान्य. माझं मत दोन्हीकडे.

नाका_कामगार:
बॅटमॅन लगेच बाद करू नका. ‘गॉथम सेंट्रल’ द्या. त्यात बॅटमॅन कोपऱ्यात, मध्ये पोलीस ठाण्यातली साधी माणसं. पाळ्या, कागदपत्रं, आणि मुखवटेवाला येऊन आपलं काम पळवतो याचा राग. गच्चीवरचा तो वटवाघळाचा दिवा पोलिसांना अधिकृतपणे लावता येत नाही, कारण खात्याच्या लेखी बॅटमॅन नाहीच. म्हणून बटण दाबते कोण? कंत्राटी कारकून मुलगी! ती कायम नोकरीत नाही, म्हणून जबाबदारी कुणाचीच नाही. हे ज्याने लिहिलं त्याने सरकारी कचेरी नक्की पाहिलीय.

अवांतर: इंद्रजाल कॉमिक्सचा वेताळ, म्हणजे फँटम, कसा कोणी काढला नाही? ना उडणं, ना क्ष-किरणांची नजर. बाप कामावर गेला की मुलगा त्याच जागी. अनुकंपा तत्त्वावर लागलेला एकविसावा माणूस. आणि चाळीस वर्षं प्रेयसी डायनाला ताटकळत ठेवून १९७७मध्ये एकदाचं लग्न.

जुनी_रद्दी:
देशी म्हणाल तर हिंदीतला सुपर कमांडो ध्रुव. सर्कशीत वाढलेला, शक्ती शून्य, डोकं आणि मोटारसायकल. २००४चा भारतीय स्पायडरमॅन मात्र नका देऊ. खेड्यातून शिष्यवृत्तीवर मुंबईत आलेला मुलगा, इथवर छान. मग योगी येऊन शक्ती देतो आणि हा धोतर नेसून इमारतींवरून झोके घेतो. नाव पवित्र प्रभाकर. आमच्याकडे प्रभाकर हे वडिलांचं नाव असतं, त्यामुळे मला सारखं वाटायचं की आडनाव लिहायचं राहिलंय.

सहा_सतराची_लोकल:
सगळ्यांचे आभार. हॉकआय आणि मिस मार्व्हल मागवलेत. खाणीची गोष्ट शोधतोय. स्पायडरमॅनचा अंक माझ्याकडेच होता, काल जेवणानंतर ते बँकेचं पान तिच्यासमोर ठेवलं. तिने ते दोनदा वाचलं आणि म्हणाली, “खिडकीवरच्या माणसाचं बरोबर आहे. ओळखपत्राशिवाय मीही दिले नसते.” मग मागचं पान उलटून विचारलं, “चेक बेअरर होता की क्रॉस्ड?” मी म्हटलं, ते दाखवलेलं नाही. तेव्हापासून पुस्तक तिच्या उशाशी आहे.