हवेचा रोजचा एकच आकडा पुरेसा आहे का?

शीवकर
केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळ रोज दुपारी ४ वाजता शहरांचा एक्यूआय, म्हणजे हवा किती दूषित आहे ते सांगणारा निर्देशांक, जाहीर करतं. मागच्या २४ तासांची सरासरी, आणि शहरात मोजणीची केंद्रं अनेक असली तर त्यांचीही पुन्हा सरासरी. हिवाळ्यात मुंबई-पुण्यासाठी हे अपुरं आहे. थंडीत पहाटे धूर जमिनीलगत कोंडतो आणि दुपारी पांगतो. समजा, पीएम २.५ (हवेतले २.५ मायक्रॉनपर्यंतचे बारीक कण) सहा तास घनमीटरला १६० मायक्रोग्रॅम होतं आणि उरलेले १८ तास ३५. सरासरी ६६, एक्यूआय १२०च्या आसपास, श्रेणी 'मध्यम'. पण २४ पैकी १६ तासांची नोंद असली तरी आकडा काढता येतो. नेमके तेच सहा तास यंत्र बंद पडलं तर सरासरी ३५, एक्यूआय ५८, श्रेणी 'समाधानकारक'. हवा मात्र तीच! म्हणून प्रत्येक केंद्राचं तासागणिक पीएम २.५ आणि नोंद किती तासांची मिळाली, हे दोन्ही निर्देशांकाच्या शेजारीच छापायला हवं.

उंबरठा
असहमत. तासागणिक आकडे मंडळाच्या संकेतस्थळावर आहेतच, ज्याला हवेत तो उतरवून घेतो. दमा असलेल्या आजीला आज बाहेर पडायचं की नाही, एवढंच ठरवायचं असतं. शिवाय तासाचा आकडा कच्चा असतो. केंद्रातलं बीटा किरणांचं यंत्र मिनिटाला १६.७ लिटर हवा ओढतं, धूळ फिल्टरच्या पट्टीवर बसवतं आणि तिच्यात किरण किती अडतात यावरून ती मोजतं. हवा गरम करणारा हीटर बिघडला की दमट हवेतलं पाणीही धूळ म्हणून मोजलं जातं. पट्टी संपली, वीज गेली, की नोंदच नाही. असल्या एखाद्या तासाच्या उडीवर शाळांनी मुलांना घरी पाठवायचं का?

शीवकर
आजी सकाळी साडेसहाला फिरायला निघते. काल दुपारी ४ला लागलेल्या आकड्यातून तिला काय कळणार? हीटरचा मुद्दा मान्य, पण त्यावर उपाय म्हणजे संशयास्पद नोंदीवर तशी खूण करणं. ती सरासरीत मिसळून टाकणं नव्हे.

गाळणकागद
दोघंही हातमोजणीची केंद्रं, म्हणजे फिल्टरवर धूळ गोळा करून ती प्रयोगशाळेत तोलणारी, विसरताय. लहान शहरांत अजून तोच आधार आहे. तिथे आठवड्यातून दोनदा नमुना घेतात, म्हणजे वर्षाला १०४ दिवस. बाकीच्या दिवसांबद्दल कागदावर काहीच नाही. आणि हे काम किती नाजूक आहे ते बघा: पीएम २.५च्या यंत्रातून २४ तासांत साधारण २४ घनमीटर हवा जाते. हवा घनमीटरला ६० मायक्रोग्रॅमच्या, म्हणजे २४ तासांसाठीच्या सरकारी मर्यादेवर असली तर फिल्टरचं वजन वाढतं जेमतेम दीड मिलिग्रॅम. वजनाच्या खोलीतली आर्द्रता हलली किंवा चिमट्याऐवजी बोट लागलं, तर तो दिवस वाया. त्यामुळे नुसता आकडा छापून भागत नाही, तो कसा मोजला तेही सोबत हवं.

आणखी एक. केंद्र सरकारच्या राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमात शहरांची प्रगती मुख्यतः पीएम १०वर, म्हणजे १० मायक्रॉनपर्यंतच्या, रस्त्यावरची धूळही धरणाऱ्या कणांवर जोखली जाते. त्यामुळे रस्ते धुण्याला जोर येतो आणि धुराकडे, म्हणजे पीएम २.५कडे, कमी लक्ष जातं. माझ्या मते खरी गफलत इथे आहे, दुपारी ४च्या आकड्यात नाही.

उंबरठा
नोंदीचे तास छापायला माझी हरकत नाही, ते व्हायलाच हवं. पण तासाच्या आकड्याला 'खराब', 'गंभीर' असली लेबलं लावू नका. पीएमसाठी त्या श्रेण्या २४ तासांच्या सरासरीवर बेतलेल्या आहेत. तासाला नुसते मायक्रोग्रॅम द्या.