बायोडाट्यात मशीनचं नाव लिहा

रंगीत टेम्प्लेट आणि फोटोमुळे बायोडाटा उठून दिसतो, हे मत निदान बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत तरी चालत नाही. आमच्या मशीन शॉपात एचआरच्या मॅडम अर्ज काळ्या-पांढऱ्या प्रिंटरवर काढून सुपरवायझरकडे धाडतात. रंग तिथेच संपला! सुपरवायझर पेन घेऊन फक्त मशीनचं नाव शोधतो. नुसतं 'सीएनसीचा अनुभव' (म्हणजे कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मशीनचा) लिहिलेलं बाजूला पडतं. टर्निंग (तुकडा फिरवून कापणारं मशीन) की व्हीएमसी (उभं मिलिंग मशीन), मशीनचा कंट्रोल फानुक कंपनीचा की सीमेन्सचा, प्रोग्रॅम स्वतः करता की नुसता जॉब (कापायचा तुकडा) मशीनवर लावता, बोअर गेज (भोकाचा आतला व्यास मोजायचं साधन) वापरलाय का, हे सगळं वरच हवं.

आणि कन्नड बोलता येत असेल तर तेही लिहा, वाचता येत नसलं तरी. खानापूर-निपाणीकडची आपली पोरं दिवसभर शॉपफ्लोअरवर कन्नड बोलतात, पण अर्जात त्याचा पत्ता नसतो.