आईसोबत केदारनाथची पायी वाट: समुद्रकाठच्या माणसांनी तयारी कशी करावी?

प्रश्न (फोंडा):
येत्या ऑक्टोबरमध्ये मी माझ्या बासष्ट वर्षांच्या आईला घेऊन केदारनाथला जाणार आहे. गौरीकुंडापासून मंदिरापर्यंतची सुमारे १६ किलोमीटरची वाट पायीच चालायची, असा तिचा आग्रह आहे. ती रोज तासभर चालते, मात्र तिला रक्तदाबाची गोळी चालू आहे. जन्म गोव्यात गेलेल्या माणसाने ही चढण एका दिवसात करावी का?

उत्तर (केपे):
एका दिवसात करू नये, असे मी स्वानुभवाने सांगते. गौरीकुंड सुमारे १,९८० मीटरवर आणि मंदिर ३,५८३ मीटरवर आहे, म्हणजे आमचा पारोड्याचा चंद्रनाथ पर्वत पायथ्यापासून चारपाच वेळा चढल्याइतकी ही चढण होते. सराव मात्र तिथेच करावा. उतरताना काठी टेकण्याची सवयही लावून घ्यावी, कारण गुडघे बोलतात ते परतीच्या वाटेवर.

खरी परीक्षा विरळ हवेची असते. २०१३ च्या महापुरात वाटेवरची रामबाडा ही वस्ती वाहून गेल्यानंतर नवी वाट तिथे मंदाकिनी नदी ओलांडून पलीकडच्या अंगाने चढते. त्या चढावर एरवी कधीही न दमणारे माझे यजमान कठड्यावर बसले, हातातला चहा त्यांना नकोसा झाला आणि बुटाची सुटलेली नाडी बांधायलाही त्यांना वाकवेना. डोके दुखत होते, मळमळत होते. आम्ही दर्शनाचा विचार सोडून त्यांना हळूहळू खाली आणले, तेव्हा कुठे त्यांना बरे वाटले. म्हणून आधी एक रात्र गुप्तकाशीला राहावे आणि वाटेत लिंचोलीला दुसरा मुक्काम करावा.

उत्तर (पेडणे):
वरील मताशी मी पूर्ण सहमत आहे. गोळी मनाने बंद करू नका. निघण्यापूर्वी डॉक्टरांना उंचीचा आकडा सांगून सल्ला घ्या. यात्रेची नोंदणी सक्तीची आहे. मंदिराची कपाटे, म्हणजे दारे, भाऊबीजेला बंद होतात, त्यामुळे दिवाळीची तिथी पाहूनच तारखा ठरवा. आपल्याकडची छत्री तिथे निरुपयोगी ठरते, रेनकोटच घ्यावा. खेचर येताना दिसले की आईंना दरीच्या नव्हे, डोंगराच्या बाजूला उभे करा. ओझ्याचा धक्का लागून तोल जातो.

प्रश्नकर्ती (फोंडा):
आपणा दोघांचे मनापासून आभार. आईला सर्व वाचून दाखवले. दोन दिवस लागले तरी चालतील, पण घोडा करायचा नाही, असे ती म्हणाली. येत्या रविवारी पहाटे आम्ही चंद्रनाथावर जात आहोत.