अनुभव धागा: ‘५४’ का वाटलं? – सीईटी, जेईई आणि एमसीक्यूंचा सराव

भाची बारावीला आहे. सीईटी, जेईई या प्रवेश परीक्षांसाठी एमसीक्यूंचा, म्हणजे चार पर्यायांच्या प्रश्नांचा, सराव चाललाय. परवा रात्री तिने फोनवर एकेका प्रश्नाचं उत्तर सांगायचं आणि मी उत्तरतालिकेत बघून बरोबर-चूक म्हणायचं, असा आमचा कार्यक्रम चालला होता. एक प्रश्न आला: २७ अंश सेल्सिअसला असलेल्या वायूचं आकारमान स्थिर दाबाखाली दुप्पट करायचं, तर तापमान किती अंश सेल्सिअस हवं? पर्याय ५४, ३००, ३२७ आणि ६००. ती म्हणाली ५४. मी म्हटलं चूक. ती म्हणाली, “बरं, पुढचा.”

मी तिथेच अडलो. पुढचा कसा? २७ अंश म्हणजे २७३ मिळवून ३०० केल्व्हिन, त्याची दुप्पट ६००, त्यातून २७३ वजा, उत्तर ३२७. विचारल्यावर तिने हे सगळं घडाघडा म्हणून दाखवलं. म्हणजे येत होतं, तरी तोंडून ५४च निघालं. ६०० हा पर्यायही उगाच नाही, केल्व्हिन आठवला पण शेवटची वजाबाकी विसरली त्याच्यासाठी तो मांडून ठेवलाय. प्रश्न काढणारा खड्डे बघून-सवरूनच खणतो.

ही मुलं दिवसाला शंभर-दीडशे प्रश्न सोडवतात. किती झाले हे सगळेच विचारतात. चुकलेला पर्याय आधी बरोबर का वाटला, हे मात्र घरात कोणी विचारत नाही, मीही विचारत नव्हतो. म्हणून हा धागा. तुम्हाला, तुमच्या मुलांना, विद्यार्थ्यांना कोणत्या पर्यायाने गंडवलं आणि त्यावर काही सापडलं का, ते लिहा. ‘सातत्य ठेवा’ छापाचे सल्ले नकोत, ते व्हॉट्सअ‍ॅपवर सकाळी सातला येतातच.

सीईटीवाला, २००७

आमच्या वेळी स्क्रीन नव्हता, ओएमआर होती, म्हणजे पेनाने गोल काळे करायची उत्तरपत्रिका. एका सराव परीक्षेत मी सतरावा प्रश्न सोडून दिला आणि अठराव्याचं उत्तर सतराच्या गोलात भरलं. शेवटच्या प्रश्नाला पोचलो तर खाली एक ओळ शिल्लक! पेनाने काळं केलेलं खोडणार कसं? बरोबर सोडवलेले ढीगभर प्रश्न वाया. तेव्हापासून दर दहा प्रश्नांनी नंबर ताडून बघायची सवय लागली. आज बँकेत स्लिप भरतानाही बघतो, बायको हसते.

मराठी माध्यमातली एक

दहावीपर्यंत मराठी, अकरावीला सायन्स म्हणजे एकदम इंग्रजी. त्वरण, संवेग, विस्थापन हे मला झोपेतही कळत होतं. पण मोमेंट, मोमेंटम आणि मोमेंट ऑफ इनर्शिया एकाच पानावर आले की डोकं बंद. सुरुवातीला वाटायचं आपलं फिजिक्स कच्चं आहे. मग एका रविवारी मागचे सगळे चुकलेले प्रश्न घेऊन बसले आणि प्रत्येकासमोर कारण लिहिलं. निम्म्याहून जास्त ठिकाणी कारण एकच होतं, प्रश्न नीट वाचला नव्हता. ‘नॉट’, ‘इनकरेक्ट’, ‘एक्सेप्ट’ हे शब्द मी चक्क गिळत होते. पहिलं बरोबर विधान दिसलं की त्यावर टिक करून मोकळी.

उपाय बावळट आहे पण चालला. प्रश्नाचं शेवटचं वाक्य आधी वाचायचं, आणि नकार दिसला की कच्च्या कागदावर एक मोठी फुली मारून ठेवायची. ती फुली समोर असली की हात थांबतो.

सीईटीला फिजिक्स-केमिस्ट्रीचे प्रश्न मराठीतूनही मिळतात, गणित फक्त इंग्रजीत. मला वाटलं होतं, आता सुटले. एक सराव पेपर मराठीत घेऊन पाहिला तर ‘प्रवर्तन’ शब्दाशी अडखळले, कारण दोन वर्षं वर्गात ‘इंडक्शन’च ऐकलं होतं. शेवटी इंग्रजीच घेतलं. ना घर का ना घाट का, अशी आमची गत.

शिकवणी घेतो, फिजिक्स

धागाकर्ते, तुमचा प्रश्न माझ्या पोटापाण्याचाच आहे, म्हणून जरा लांबण लावतो.

तार ताणून लांबी दुप्पट केली, रोध किती पट? निम्मा वर्ग ‘दोन’ म्हणतो. सूत्र पाठ असतं, रोध लांबीच्या प्रमाणात. पण तार ताणली तर ती बारीकही होणार ना! धातू तेवढाच आहे, म्हणजे छेदाचं क्षेत्रफळ निम्मं. एकदा लांबीमुळे दुप्पट, एकदा जाडीमुळे, एकूण चौपट. हे फळ्यावर दहा वेळा सांगून काही होत नाही, मी सांगून बघितलंय. रबरबँड हातात देऊन ताणायला लावला की होतं.

दर शनिवारी मी मुलांनाच प्रश्न काढायला लावतो. प्रश्न एक, पर्याय चार, आणि तीन चुकीच्या पर्यायांपुढे लिहायचं की कोणती चूक केली तर हे उत्तर येईल. उगाच मनाने आकडा ठोकला तर वही परत. सुरुवातीला पोरं कंटाळतात, सोडवण्यापेक्षा याला वेळ लागतो म्हणतात. लागतोच. पण महिनाभराने ती पेपरात पर्यायांकडे संशयाने बघायला लागतात, आणि मला तेच हवं असतं.

दुसरी गोष्ट, टोकाला नेऊन बघणं. कप्पीवरून दोरी, दोन टोकांना दोन वस्तुमानं, त्वरण किती? चारही सूत्रं सारखीच दिसतात. मी म्हणतो, दोन्ही वस्तुमानं सारखी धरा. मग काही हलायलाच नको, त्वरण शून्य. ज्या पर्यायात शून्य येत नाही तो गेला. आता एक वस्तुमान शून्य धरा. दुसरं मोकळं पडणार, त्वरण गुरुत्वीय त्वरणाएवढं यायला हवं. आणखी एखादा गेला. याला काही लोक शॉर्टकट म्हणून नाकं मुरडतात. मला विचाराल तर फिजिक्स ते हेच.

वेळेचं: सीईटीत फिजिक्स-केमिस्ट्री मिळून १०० प्रश्न ९० मिनिटांत, म्हणजे प्रश्नाला ५४ सेकंद. (योगायोग बघा, तुमच्या भाचीचाच आकडा.) तरी पहिले दोन महिने मी घड्याळ लावू देत नाही. चुकीची पद्धत एकदा वेगात बसली की उखडत नाही.

अकरावी विसरलेला

सीईटीत अकरावीचे प्रश्न फक्त २० टक्के, म्हणून मी ती पुस्तकं उघडलीच नाहीत. विषयाला ५० प्रश्न, म्हणजे दहाएक प्रश्न अकरावीचे, तीन विषयांत तीस, त्यात गणिताचा प्रश्न दोन गुणांचा. पुढचा हिशोब करवत नाही.

तुक्केबाज

सीईटीला निगेटिव्ह मार्किंग नाही, त्यामुळे तिथे प्रश्न रिकामा सोडणं म्हणजे शुद्ध वेडेपणा. पण जेईई मेनलाही लोक उगाच घाबरतात. बरोबरला चार, चुकीला वजा एक. शंभर आंधळे तुक्के मारले तर सरासरी २५ बरोबर, १०० गुण. ७५ चूक, वजा ७५. हातात २५ उरले. तोटा कुठे आहे?

२०१४ची बॅच

@तुक्केबाज, सरासरी शंभर तुक्क्यांची असते, पेपरात आपण मारतो पाच. पाचही चुकण्याची शक्यता जवळजवळ २४ टक्के आहे, काढून बघा. मी त्या २४ टक्क्यांतला.

आमच्या वर्षी राज्यात इंजिनिअरिंगला सीईटीच नव्हती, २०१४ आणि २०१५ला प्रवेशासाठी जेईई मेन होती. २०१६ला सीईटी परत आली, आमचे धाकटे सुटले. तेव्हा मी केलेला एकच शहाणपणा सांगतो. सराव पेपरात प्रत्येक उत्तरापुढे खूण करायचो: ‘खात्री’, ‘दोनांत एक’, ‘तुक्का’. तीन-चार पेपरांनंतर दिसलं की ‘दोनांत एक’वाले अर्ध्याहून जास्त बरोबर येतात. ते मारायचे, सरासरी दीड गुण पदरात पडतो. खरा धक्का ‘खात्री’वाल्यांनी दिला. केमिस्ट्रीत पाचांतला एक खात्रीचा प्रश्न चुकत होता! क्रोमियम पेंटॉक्साइडमध्ये क्रोमियमचं ऑक्सिडेशन +१०, असं मी छातीठोकपणे लिहीत होतो. पाच ऑक्सिजन, प्रत्येकी वजा दोन, झालं. त्यात चार ऑक्सिजन पेरॉक्साइडच्या जोडीत असतात, त्यांचे वजा एकच धरायचे, म्हणून +६. मुळात क्रोमियमकडे द्यायला दहा इलेक्ट्रॉन आहेतच कुठे? बाहेरचे सहा. एवढा विचार केला असता तरी पुरे होतं.

बारावीची आई

मला विज्ञानातलं फार कळत नाही, पण रात्री दीड वाजता मुलाच्या खोलीत दिवा दिसला. बहिर्वक्र भिंग, नाभीय अंतर २० सेंटिमीटर, वस्तू ३० सेंटिमीटरवर, प्रतिमा कुठे? त्याचं ६० येत होतं, क्लासच्या तालिकेत १२. तो चिडून सूत्रातली चिन्हं उलटीपालटी करत बसला होता आणि शेवटी त्याने ते १२ ‘आणलं’. मला म्हणाला, “आई, माझंच चुकत होतं.” आठवड्याने क्लासने सांगितलं, छपाईची चूक, ६०च बरोबर. कोणी साधं सॉरी म्हटलं नाही. पण एक रात्र गेली त्यापेक्षा मला त्याने स्वतःचं बरोबर उत्तर मोडून चुकीचं जुळवलं याचं वाईट वाटलं.

शिकवणी घेतो, फिजिक्स

ताई, त्याला आकृती काढायला सांगा. वस्तू एकपट आणि दुप्पट नाभीय अंतराच्या मधे असली की प्रतिमा पलीकडे दुप्पट अंतराच्याही पुढे जाते, म्हणजे ४०च्या पुढे. १२ तिथे बसतच नाही. तालिका माणसंच टाइप करतात.

धागाकर्ता

सगळ्यांचे आभार. सरांचा शनिवारचा प्रयोग भाचीला सांगितला. तिने लगेच एक प्रश्न बनवलाय आणि इथे टाकायला सांगितलाय:

‘एका प्रथम कोटीच्या अभिक्रियेचा अर्धायुकाल २० मिनिटे आहे. अभिक्रिया ७५ टक्के पूर्ण व्हायला किती मिनिटे लागतील? (अ) १० (ब) ३० (क) ४० (ड) ६०’

सीईटीवाला, २००७

ब. ५० टक्क्यांना २० मिनिटं, तर ७५ला ३०. सोपा आहे, अजून अवघड काढ म्हणावं.

धागाकर्ता

मामाच्या आयडीवरून भाची लिहितेय. काका, उत्तर ४० आहे. आता तुम्हाला ३० का वाटलं ते लिहा.