1902 चा मताधिकार नेमका कोणत्या स्त्रियांचा?

प्रश्न (कोथरूड, पुणे):
नमस्कार. आमच्या वाचनालयात 8 मार्चला स्त्रियांच्या मताधिकारावर भित्तिपत्रक लावायचे आहे. त्यात ‘ऑस्ट्रेलियातील स्त्रियांना 1902 मध्ये मताधिकार मिळाला’ असे मी लिहिले होते; परंतु तेथील मूळ रहिवासी असलेल्या अ‍ॅबोरिजिनल स्त्रियांना तो मिळालाच नव्हता, हे एका सभासद ताईंनी निदर्शनास आणले. ‘त्यांना तो 1962 मध्ये मिळाला’ अशी तळटीप जोडल्यास पुरेसे होईल का?

उत्तर (सदाशिव पेठ):
नाही, कारण तळटिपेतून ‘उशिरा मिळाला’ एवढाच अर्थ निघतो आणि हक्क हिरावून घेतल्याची गोष्ट झाकली जाते. साउथ ऑस्ट्रेलिया या वसाहतीने 1894 च्या कायद्याने स्त्रियांना मताधिकार दिला, तेव्हा अ‍ॅबोरिजिनल स्त्रियांना वगळले नव्हते, आणि मरी नदीच्या मुखाजवळील पॉइंट मॅक्ली येथील स्त्रियांनी 1896 मध्ये प्रत्यक्ष मतदानही केले होते. वसाहती एकत्र येऊन बनलेल्या ऑस्ट्रेलियाच्या संघराज्याच्या 1902 च्या कायद्याने मात्र गोऱ्या स्त्रियांना हक्क देतानाच अ‍ॅबोरिजिनल लोकांना, तसेच आशिया आणि आफ्रिकेच्या मूळ रहिवाशांना (म्हणजे आपल्यालाही), मतदारयादीबाहेर ठेवले. आधीपासून मताधिकार असलेल्यांना राज्यघटनेच्या कलम 41 चे संरक्षण होते. पण अधिकाऱ्यांनी त्याचा अर्थ इतका संकुचित लावला, की नव्या पिढीला त्याचा उपयोगच उरला नाही. म्हणून मूळ वाक्यच बदलावे, अशी माझी आग्रहाची विनंती आहे.

उत्तर (येरवडा):
वरील उत्तराशी सहमत आहे. 1967 च्या सार्वमताने मताधिकार मिळाला, असेही अनेकदा छापले जाते, ते टाळावे. 90 टक्क्यांहून अधिक मतांनी मंजूर झालेल्या त्या सार्वमताने अ‍ॅबोरिजिनल लोकांना लोकसंख्येच्या मोजणीतून वगळणारे कलम रद्द झाले आणि त्यांच्यासाठी कायदे करण्याचा अधिकार संघराज्याला मिळाला. त्या मोहिमेतील कवयित्री ऊजरू नूनक्कल यांना जागा अवश्य द्यावी. त्या वेळी त्या कॅथ वॉकर या नावाने ओळखल्या जात. 1988 मधील वसाहतीच्या द्विशताब्दी सोहळ्याच्या निषेधार्थ त्यांनी ब्रिटिश राजसत्तेने दिलेला सन्मान परत केला आणि आपल्या नूनक्कल समाजाचे नाव धारण केले. ते त्यांनी स्वतः निवडलेले असल्यामुळे मथळ्यात तेच असावे.

प्रश्नकर्ती:
दोघांचेही मनापासून आभार. आता वाक्य असे केले आहे: ‘1902 मध्ये ऑस्ट्रेलियातील गोऱ्या स्त्रियांना संघराज्याच्या निवडणुकीत मताधिकार मिळाला, त्याच कायद्याने तो अ‍ॅबोरिजिनल स्त्रियांना नाकारला, जरी साउथ ऑस्ट्रेलियात त्यांच्यापैकी काहींनी त्यापूर्वीच मतदान केले होते.’ हे वाक्य मोठ्या अक्षरांत, ऊजरू नूनक्कल यांच्या नावाखाली येईल.