वाळवंटातले दगड पाहायला निघताना : बेळगाव, निपाणी, खानापूर, गोकाककरांचे अनुभव

दिवाळी झाली की आपल्याकडचे बरेच जण गाडी काढून गुजरात-राजस्थानकडं निघतात. पांढरं रण, उंट, किल्ला, खरेदी. त्याच रस्त्यांच्या कडेला ज्युरासिक काळातला, म्हणजे डायनासोरांच्या काळातला समुद्रतळ उघडा पडलाय, दगड झालेली झाडं आहेत. खास त्यांच्यासाठी जाणारे आपल्या सीमाभागात बरेच आहेत, हे मला हळूहळू कळलं. जे जाऊन आलेत त्यांनी बेत कसा आखला, काय बघितलं, हे मोकळेपणानं लिहावं. सुरुवात मी करते.

टिळकवाडी, बेळगाव

बेळगाव ते भूज साधारण 1,300 किलोमीटर. कोल्हापूर, पुणे, मग मुंबईला बगल देऊन वापी, वडोदरा, अहमदाबाद. वाटेत दोन मुक्काम धरा. कच्छ आणि जैसलमेर एकाच फेरीत कोंबू नका, असं मी प्रत्येकाला सांगते. दोन्हींमधलं अंतर पाचशे किलोमीटरच्या वर आहे, आणि तो वेळ दगडांच्या वाट्यातून जातो.

नकाशा घेऊन बसलात की हॉटेलं नंतर शोधा. कुठला थर कुठं दिसतो ते आधी ठरवा. भूजच्या उत्तरेला झुरा आणि हबो हे डोंगर आहेत. इथले थर खालून घुमटासारखे उचलले गेले आणि माथे झिजले, त्यामुळं सगळ्यात जुना खडक मधोमध दिसतो. बाहेर चालत गेलं की एकेक थर नवा होत जातो. झुऱ्याला सोनेरी ऊलाइट आहे, मोहरीएवढे गोल दाणे एकमेकांना चिकटून झालेला चुनखडक. उथळ, हलत्या पाण्यात असे दाणे तयार होतात. वरच्या बाजूला ढोसा ऊलाइटचा थर आहे, तो अमोनाइटांसाठी, म्हणजे वळणदार कवचाच्या समुद्री जीवांच्या जीवाश्मांसाठी प्रसिद्ध. या एका डोंगराला अख्खा दिवस द्या. आम्ही दिला, आणि संध्याकाळी निघताना कुणाचाही पाय निघत नव्हता.

सोबत गावातला माणूस घ्या. ओढे कुठून चढायचे, कुणाच्या शेतातून जायचं, हे त्यालाच माहीत असतं.

गोकाक, निवृत्त शिक्षक

कच्छला निघण्याआधी एक रविवार आमच्याकडं काढा, असं मी सुचवीन. घटप्रभा जिथून 52 मीटर खाली झेपावते तो कडा क्वार्टझाइटचा, म्हणजे वाळूपासून झालेल्या टणक दगडाचा आहे, कलादगी नावाच्या खडकांच्या गटातला, शंभर कोटी वर्षांहून जुना. जवळच माळावर चढलात की काळा दगड लागतो, म्हणजे ज्वालामुखीच्या लाव्ह्याचा डेक्कन ट्रॅप, साधारण 6.6 कोटी वर्षांचा. दोन्हींच्या मधला काळ इथं खडकात शिल्लकच नाही. त्याच मधल्या काळातलं मोठं पान कच्छ-जैसलमेरात वाचायला मिळतं. म्हणून तर तिकडं जायचं.

दुसरं, जीवाश्म म्हणजे काहीतरी लांबचं, असं आपल्या मुलांना वाटतं. रॉबर्ट ब्रूस फूट या भूवैज्ञानिकांना गोकाकजवळच गाळाच्या थरात गेंड्याची हाडं मिळाली होती. 1874 मध्ये त्यांनी त्याचं वर्णन केलं आणि नाव दिलं ऱ्हायनोसेरॉस डेक्कनेन्सिस. वर्गात हे सांगितलं की मागच्या बाकावरची पोरंसुद्धा ताठ बसायची. आमच्या सहलीत अशीच मोठी झालेली काही मुलं होती. ती थरांकडं ज्या नजरेनं बघत होती, ते पाहून फार बरं वाटलं.

निपाणी

सरांचं एकदम बरोबर. आमचे वडील विहिरी पाडायचे. मुरूम, मग मांजऱ्या, मग काळा पाषाण, हे मी लहानपणापासून बघत आलोय. भूजहून मांडवीच्या बाजूला निघालो आणि तोच काळा दगड दिसला की! धिणोधरचा डोंगरपण बेसाल्टचाच, म्हणजे त्याच काळ्या दगडाचा. बेळगावपासून कच्छपर्यंत एकच काळी घोंगडी पसरलेली, फक्त खालचं अंथरूण वेगळं. आपल्याकडं खाली गोकाकचा कडक दगड, तिकडं भूजचा वाळूखडक आणि त्याच्याखाली समुद्रातले थर. वडिलांना फोनवर सांगितलं तर त्यांनी पहिलं विचारलं, तिथं पाणी किती फुटावर लागतं.

खानापूर

आम्ही सासूबाईंना घेऊन गेलो होतो. वय सत्तरीच्या पुढं, गुडघे दुखतात, म्हणून रोज एकच जागा आणि दुपारी विश्रांती असा बेत ठेवला. सकाळी उजाडताच निघायचं. उन्हाची तिरीप असते तेव्हा दगडातल्या कडा उठून दिसतात. दुपारी सगळं सपाट वाटतं, डोकंही तापतं.

हबोच्या पायथ्याला एका घळीत अमोनाइट होता, हाताच्या पंजाएवढा. सासूबाई खाली वाकल्या आणि म्हणाल्या, "अगं, हा तर शाळिग्राम!" आमच्या देवघरातला गंडकीचा शाळिग्राम म्हणजेही अमोनाइटच, ज्युरासिक समुद्रातलाच जीव. धाकट्यानं तो खिशात घालायला घेतला, तर त्यांनी हात धरला. "देव जिथं बसलाय तिथं राहू दे, उद्या दुसऱ्यांनी काय बघायचं?" मी तेव्हापासून सगळ्यांना हेच सांगते. फोटो काढा, शेजारी पेन ठेवा म्हणजे आकार कळतो, आणि जागच्या जागी ठेवा.

शिदोरीला कडक भाकरी आणि शेंगाचटणी. आठवडाभर काही होत नाही.

बेळगाव, भूगर्भशास्त्राची विद्यार्थिनी

मी जैसलमेरला गेले होते. अकल इथं, बारमेर रस्त्यावर शहरापासून 17 किलोमीटरवर, सुमारे 18 कोटी वर्षांपूर्वीची झाडांची खोडं जाळीखाली आडवी पडलीत. सगळ्यात लांब खोड 13 मीटरच्या पुढं आहे. झाडं गाळाखाली गाडली गेली, सिलिका (वाळूतला मुख्य घटक) मिसळलेलं पाणी झिरपत राहिलं आणि लाकडाची जागा दगडानं घेतली. आज जिथं सावलीला झुडूप नाही, तिथं तेव्हा जंगल होतं. हे वाचून माहीत होतं, पण त्या खोडांजवळ उभं राहिल्यावर माझ्या अंगावर काटा आला.

शहराजवळच्या जेठवाई गावात सॉरोपॉड, म्हणजे चार पायांवर चालणाऱ्या शाकाहारी डायनासोरची हाडं मिळाली. 2023 मध्ये त्याला थारोसॉरस इंडिकस नाव मिळालं, वय सुमारे 16.7 कोटी वर्षं. हाडं अभ्यासासाठी नेलीत, तरी त्या खडकांवरून फिरून या. हाबूर गावचा शिंपल्यांनी भरलेला चुनखडकही चुकवू नका. शहरात त्याची भांडी विकायला असतात. दुकानात बघा, पण अख्खा थर बघायचा तर गावालाच जा.

निपाणीच्या काकांना एक सांगते, कच्छमधलं धोळावीरा हे हडप्पाकालीन शहर केलं नसेल तर पुढच्या वेळी नक्की करा. 2021 पासून जागतिक वारसास्थळ आहे, आणि त्याच खडीर बेटावर रणाच्या काठाला दगड झालेली झाडंही आहेत.

अथणी, गाडी चालवणारा

खावड्याहून धोळावीराला रणातून सरळ रस्ता झालाय. पूर्वी रापरवरून मोठा वळसा पडायचा. रस्ता चांगला म्हणून गाडी खाली रणात उतरवू नका. वरून पांढरं कोरडं दिसतं, खाली चिखल असतो, चाक बसलं की ट्रॅक्टर शोधत बसावं लागतं. खावड्याच्या पुढं सीमेच्या बाजूच्या इंडिया ब्रिज या पुलाकडं परवानगीशिवाय सोडत नाहीत. पांढऱ्या रणाचा परवाना आणि ओळखपत्रं एकाच पिशवीत ठेवा. डिझेल भूजलाच भरून घ्या, पाण्याचे कॅन दोन जास्त टाका. मिठाच्या वाऱ्यातून आल्यावर गाडी खालून धुवायला विसरू नका, नाहीतर पत्रा गंजतो.

चिकोडी

जानेवारीत आम्ही दोन कुटुंबं निघतोय, झुरा आणि खडीर ठरलंय. खानापूरच्या ताई, त्या घळीपर्यंत सासूबाई चालत किती वेळात पोचल्या? आमची आईपण येतेय म्हणते.