पाणी नितळ दिसतंय, तरी गप्पी वर येऊन तोंड मारतायत?

६० लिटरची टाकी आहे, सुरू करून दोन महिने झाले, ८ गप्पी आणि ४ कोरी (तळाशी राहणारे कोरिडोरस मासे). रविवारी सगळं घासूनपुसून काढलं, पाणी इतकं नितळ आहे की मागच्या भिंतीवरचा खिळा दिसतो, पण कालपासून गप्पी सारखे वर येतात आणि खाणं टाकलं तरी धावत नाहीत. एअर पंप चालू आहे. पाणी तपासायची स्ट्रिप बुडवली तर पीएच ७.८, नायट्रेट फिकट गुलाबी, बाकी ठीक. काय बिघडलंय?

उत्तर १
कोरी मधूनच वर येऊन हवा घेतातच, ते सोडा, गप्पींचं बघा. फिल्टरचा स्पंज नळाखाली धुतलात का? आणि स्ट्रिपवर अमोनियाची चौकट आहे का, बऱ्याच स्ट्रिपवर ती नसतेच, मग "बाकी ठीक" कशावरून? थेंब टाकून अमोनिया मोजायचं किट आणा.

प्रश्नकर्ता
हो, स्पंज पिळून पिळून पांढरा केला 🙈 चौकट खरंच नाही. किट आणलं, नळीतलं पाणी पिवळं राहायला हवं होतं ते हिरवं झालं, तक्त्याशी लावलं तर अमोनिया १ पीपीएम (दहा लाखांत एक भाग).

उत्तर २
मग सापडलं की. मासे कल्ल्यांतूनच अमोनिया सोडतात, स्पंजवरचे बॅक्टेरिया त्याचं आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात, ते तुम्ही नळाच्या क्लोरिनने धुऊन काढले. त्यात पीएच ७.८, म्हणजे तेवढाच अमोनिया जास्त जहाल. पण म्हणून पीएच पाडायचं औषध ओतू नका हां, अचानक बदलाने मासे त्यातच जातील. आज निम्मं पाणी बदला, डीक्लोरिनेटर (क्लोरिन घालवायचं औषध) टाकून, आणि दोन दिवस खाणं बंद, काही होत नाही त्यांना.

उत्तर ३
पाणी रात्रभर उघडं ठेवलं की क्लोरिन उडतो, औषध कशाला?

उत्तर २
क्लोरिन उडतो हो, पण नळाच्या पाण्यात क्लोरिनऐवजी कधी क्लोरामाइन (क्लोरिन-अमोनियाचं संयुग) असतो, तो तसा उडत नाही. नळाला काय येतंय ते माहीत नसताना कशाला जुगार?

उत्तर ४
ओळखीत कुणाची जुनी, निरोगी टाकी असेल तर त्यांचा मळका स्पंज मागून आणा आणि तुमच्या फिल्टरमध्ये कोंबा, बराच वेळ वाचतो. पुढच्या वेळी टाकीतून काढलेल्याच पाण्यात दोनदा पिळायचा, बस.

प्रश्नकर्ता
चौथा दिवस. अमोनिया ०.२५, गप्पी खाली उतरलेत, पण नायट्राइट ०.५ झालंय??

उत्तर २
चढणारच, पुढचा टप्पा तो. रोज मोजा, पाव पाव पाणी बदलत राहा दोन्ही शून्यावर येईस्तोवर, आणि तोपर्यंत त्या स्पंजला हात लावू नका.